ताटातलं दही

शुक्रवार, रात्री

पुण्यात बाणेर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क इथल्या नव्या कॅफेंच्या मेनूकार्डांत झालेला एक बदल मला खटकतो. पनीर सँडविच गेलं आणि टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या वडीचं, सँडविच आलं. चीजचा पास्ता गेला, काजूच्या सॉसचा आला. एगलेस केकच्या कप्प्यात व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यासकट प्राण्यांकडून आलेलं काहीच नसलेला, केक बसला. हे सगळं जोडीला आलं असतं तर आनंदच होता, पण ते आधीचं काढून आलं. मांसाहाराची यादी होती तेवढीच राहिली आणि आखडली ती शाकाहाऱ्यांची.

मालकाचा हिशेब कळतो. शाकाहारी माणूस व्हीगन पदार्थ खाऊ शकतो, व्हीगन माणूस पनीर खाऊ शकत नाही. मग एकच पदार्थ ठेवला की दोघांचं भागतं. फ्रीजमधला एक कप्पा वाचतो, वेगळा तवा लागत नाही, दूध-मलई नासण्याची भीती नाही. कागदावर बरोबर आहे. पण आपल्याकडचा शाकाहार दुधावर उभा आहे, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. ब्रिटनमधला शाकाहारी अंडं खातो. त्याचं चीज काढलं तर तोही वैतागतो, पण ऑम्लेट तरी उरतं. आपल्याकडे अंडं आधीच बाहेर. उरतात दूधदुभतं आणि कडधान्यं. कॅफेत कडधान्यं जवळजवळ नसतातच. त्यात दूधही काढलं की भाज्या, मैदा आणि तेल एवढ्यावर जेवण आटपतं.

नियमाला हा फरक ठाऊक आहे. अंड्याच्या पदार्थावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण येतो. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना हिरवा ठिपका मिळतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचे, वेगळे नियम 2022 मध्ये आले आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे. तिथे दूध आणि मध तर नाहीतच, पण पदार्थ तयार करताना वापरलेलं प्राणिजन्य द्रव्यही चालत नाही. इंग्लंडमध्ये ही वाटणी त्याहून कितीतरी जुनी. शाकाहाऱ्यांची संस्था तिथे 1847 मध्ये निघाली. दूध न घेणाऱ्यांना तिच्या मासिकात स्वतंत्र जागा मिळेना, तेव्हा डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1944 मध्ये व्हीगन सोसायटी काढली. ऐंशी वर्षं वेगळे असलेले दोन आहार मेनूकार्डाने परस्पर एक करून टाकू नयेत.

व्हीगन माणसाशी माझं भांडण नाही. वासराचं काय होतं, नर वासरू जन्माला आलं की त्याचं काय करतात, हे त्याचे प्रश्न खरे आहेत आणि गोठ्याशी संबंध असलेल्या कुणालाही ते टाळता येत नाहीत. गांधीजींनी 1912 मध्ये दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले, आणि त्याची बोच त्यांना शेवटपर्यंत राहिली. इतका कठीण विषय स्वयंपाकघरात जागा वाचवण्यासाठी वापरला जातो, याचा मला राग येतो.

शनिवार

टोफूबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो.

नियमाप्रमाणे पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त 60 टक्के, आणि कोरड्या भागात निम्मी तरी दुधाची चरबी हवी. म्हणजे 100 ग्रॅम चांगल्या पनीरमध्ये साधारण 20 ग्रॅम चरबी असते. टोफूत ती त्याच्या निम्मीही नसते आणि पाणी पुष्कळ असतं. प्रथिनांत टोफू फार मागे नाही, घट्ट असेल तर चांगलाच आहे. अडचण ग्रेव्हीची होते. मखनी ग्रेव्ही टोमॅटोमुळे आंबट असते आणि तो आंबटपणा लोणी, मलई आणि पनीरची चरबी मिळून बोथट करतात. व्हीगन करताना ही तिन्ही एकदम निघतात. आचारी मग साखर वाढवतो. वर टोफूतलं पाणी सुटून रस पातळ होतो आणि ताटात आंबटगोड सॉसमध्ये तरंगणारे फिके चौकोन येतात.

टोफू करायचाच तर तो असा करावा. 200 ग्रॅमची वडी स्वच्छ पंचात गुंडाळून दोन किलो वजनाखाली अर्धा तास दाबायची. तुकडे करून अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात दहा मिनिटं ठेवायचे; मीठ आतपर्यंत थोडं जातं आणि वरचं पाणी सुटायला मदत होते. मग कोरडे पुसून तेलावर सोनेरी होईपर्यंत परतायचे. मखनीत अजिबात टाकू नयेत. कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण, काळा मसाला आणि वर तेलाची तर्री असा रस्सा असेल तर टोफू खरोखर चांगला लागतो, कारण त्या रश्शाला चरबी खोबऱ्यातून आणि तेलातून मिळते, दुधाची वाट बघावी लागत नाही. हा रस्सा पुण्यातल्या कुठल्याही खानावळीला येतो. तरी टोफू मखनीतच का बुडवतात, हे मला समजत नाही.

चीजचं वेगळं. मोझरेलाची तार येते ती केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. पाकिटातलं व्हीगन चीज बहुतेक वेळा खोबरेल तेल आणि स्टार्च यांचं असतं. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे भट्टीत तेल सुटून वर येतं आणि स्टार्चचा चिकटा मागे राहतो. तो टाळूला चिकटतो. प्रथिन त्यात जवळजवळ शून्य. म्हणजे शाकाहाऱ्याच्या पिझ्झ्यावर जे एकमेव प्रथिन होतं तेच गेलं, आणि दर मात्र वाढला. व्हीगन पिझ्झा हवा असेल तर नेपल्सचा मरिनारा करावा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. त्यावर चीज मुळातच नसतं, त्यामुळे काही काढून टाकल्यासारखं वाटत नाही.

चहा. अमृततुल्यच्या पद्धतीत दूध, चहा आणि आलं एकत्र खळखळ उकळतं. बदामाचं पेय तसं उकळलं की फुटतं आणि वर कण तरंगतात. ओटचं पेय उकळलं की त्यातल्या स्टार्चमुळे बुळबुळीत होतं, शिवाय तयार करतानाच त्यातल्या स्टार्चची थोडी साखर झालेली असते, म्हणून चहा न विचारता गोड होतो. सोयाचं पेय आंबट आणि गरम यांच्या कात्रीत फाटतं, कॉफीत जास्तच. उपाय आहे: चहा पाण्यात आलं घालून पूर्ण उकळायचा, गॅस बंद करायचा, आणि वेगळं कोमट केलेलं पेय शेवटी घालायचं, पुन्हा उकळी आणायची नाही. कॉफीसाठी पेय आधी गरम करून त्यात कॉफी हळूहळू ओतायची. हे ज्याला हवं त्याला मिळावं. पण काही ठिकाणी काउंटरवर ओटचंच पेय आधी धरतात आणि गाईचं दूध मागून घ्यावं लागतं, तेही कात्रज आणि चितळेंच्या दुधाच्या या गावात. हे उलटं झालं.

पोषणाचा मुद्दा चवीपेक्षा मोठा आहे. 100 मिली गाईच्या दुधात तीन ग्रॅमहून थोडं जास्त प्रथिन असतं. सोयाच्या पेयात जवळपास तेवढंच, बदामाच्या पेयात बहुधा अर्धा ते एक ग्रॅम. आणि बी-12. वनस्पतीत भरवशाचं बी-12 नाही. अंडं न खाणाऱ्या शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच मिळतं. अर्धा लिटर दुधातून साधारण 2 मायक्रोग्रॅम. जाणता व्हीगन माणूस गोळी घेतो किंवा बी-12 घातलेले पदार्थ निवडतो. ज्याला न विचारता रोजच्या कँटीनमध्ये दह्याऐवजी नारळाचं 'योगर्ट' दिलं, तो गोळी घेत नसतो. आयटी कंपन्यांच्या कँटीनचं कंत्राट ठरवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

केकबद्दल थोडंच. आपल्याकडच्या बेकऱ्यांत क्रीम म्हणून जे फेटतात ते बरेचदा वनस्पती तेलाचंच असतं, पण पाकिटावर 'नॉन-डेअरी' लिहिलं म्हणून ते व्हीगन ठरत नाही. घटकांत सोडियम केसिनेट असेल तर ते दुधाचं प्रथिन आहे. शाकाहाऱ्याला लोणी नाही आणि व्हीगनला खात्री नाही, अशा केकमध्ये दोघांचंही नुकसान.

एकादशी

आज हा प्रश्न अगदी उघडा पडतो. उपासाला दूध, दही, ताक, तूप, फळं, शेंगदाणे, बटाटा, रताळं, साबुदाणा, वरी, राजगिरा. सोया नाही, ओट नाही, टोफू नाही, मैद्याचा पाव नाही. व्हीगन मेनूतला एकही तयार पदार्थ आज चालत नाही. जैन मंडळींचंही तसंच: दूध चालतं, पण व्हीगन बर्गरमधला कांदा, लसूण आणि बटाटा चालत नाही. व्हीगन केलं म्हणजे सगळे शाकाहारी आत आले, हा समज इथे साफ चुकतो. उलट तुपातली वऱ्याची खिचडी आणि दाण्याची आमटी ठेवली, आणि मागितल्यावर तुपाऐवजी शेंगदाणा तेल वापरलं, तर उपासवाला आणि व्हीगन दोघेही एकाच टेबलावर जेवतील.

रविवार, सकाळी

परदेशी मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी हे लिहून ठेवायला हवं, कारण विमानातही हीच गफलत होते. तिकिटावर जेवण निवडताना व्हीजीएमएल (VGML) हा कोड दिसला की ते आपलं शाकाहारी असं वाटतं. ते व्हीगन जेवण आहे. दही नाही, लोणी नाही, चहाला दूध नाही. उकडलेल्या भाज्या, फळं आणि मार्गारिन मिळतं. आपल्याला हवं ते एव्हीएमएल, म्हणजे आशियाई शाकाहारी: भारतीय पद्धतीची भाजी, भात, डाळ, पनीर किंवा दही, अंडं नाही. व्हीएलएमएलमध्ये दुधाबरोबर अंडंही येतं. व्हीजेएमएल जैन. आणि एचएनएमएल हे नाव 'हिंदू मील' असलं तरी त्यात चिकन, मटण किंवा मासे असू शकतात, त्याकडे जाऊच नका. निवड विमान सुटण्याआधी किमान 24 तास करायची, काही कंपन्यांना जास्त वेळ लागतो. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीकडे खात्री करावी, आणि परतीच्या प्रवासासाठी वेगळं बघावं.

हॉटेलात मेनूवरच्या अक्षरांवर भरवसा ठेवू नये. 'व्ही' कुठे शाकाहारीसाठी असतं, कुठे व्हीगनसाठी. सरळ विचारावं: दूध-दही-तूप आहे का, अंडं आहे का?

रविवार, रात्री

आता लग्न-मुंजींच्या केटरिंगचं, कारण घराघरांत एखादा भाचा किंवा सून व्हीगन असते आणि यजमान घाबरून मठ्ठा आणि श्रीखंडच रद्द करायला निघतात. काही रद्द करू नका. पुण्यातल्या नेहमीच्या पंगतीतलं बरंचसं आधीच दुधाविना आहे: बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, डाळिंब्यांची उसळ, भरली वांगी, आळूचं फदफदं, कोथिंबीर वडी, पंचामृत, चटणी. भाकरी, झुणका, ठेचा हे तर आहेतच. आचाऱ्याला एवढंच सांगायचं की सगळ्या फोडण्या तेलात कर.

दूध लपून येतं त्या जागा मोजक्या आहेत. मसालेभातावर आणि वरणावर तूप. पोळीला लावलेलं तूप. जिलबीच्या पिठात दही, तळायला तूप. उकडीच्या मोदकाच्या उकडीत चमचाभर लोणी किंवा तूप. आळूत काहीजण ताक घालतात, तिथे चिंच घालून भागतं. पंचामृताचं नाव ऐकून दचकू नये. पंगतीतलं मिरची-दाणे-चिंच-गुळाचं पंचामृत पूजेच्या पंचामृतापेक्षा वेगळं, त्यात दूध नाही. कोशिंबिरी दोन कराव्यात: एक दह्याची, आणि एक खमंग काकडी, दाण्याचं कूट, लिंबू आणि तेलाची फोडणी घालून. कढीच्या जोडीला सोलकढी ठेवावी. तिच्यातलं नारळाचं दूध उकळू नये, फुटतं. आमसुलाचा अर्क वेगळा काढून गार झाल्यावर मिसळावा, आणि मीठ वाढायच्या थोडं आधी. गोडात श्रीखंड राहू दे, शेजारी गूळ-खोबऱ्याची करंजी किंवा तेलात परतलेला आणि पाण्यात शिजवलेला शिरा ठेवा. शिऱ्याला एक वाटी रव्याला पाऊण वाटी तेल पुरतं, आणि वेलदोडा थोडा जास्त लागतो.

बुफे असेल तर दही, तूप आणि मठ्ठा टेबलाच्या एका टोकाला, त्यांचे डाव वेगळे. पंगत असेल तर तूप वाढणाऱ्याला व्हीगन पाहुण्याचं पान आधीच दाखवून ठेवा, कारण तो विचारत नाही, वरणाची मूद दिसली की त्याचा हात सुटतो.