सोन्यातल्या लोखंडाची खोडी

धातू थंड केला की रेझिस्टन्स कमी होतो, हे आपण बारावीलाच घोकलेलं असतं. अणूंची थरथर कमी झाली, इलेक्ट्रॉनला वाट मोकळी. अगदी थंड केल्यावर जो काही उरतो तो भेसळीचा, आणि तो तिथेच सपाट राहायला हवा ना? पण 1934 साली नेदरलँड्समध्ये लायडनच्या लॅबमध्ये सोन्याची तार थंड करत नेली, तर तापमान काही केल्विनवर येईपर्यंत रेझिस्टन्स उतरला आणि मग चक्क परत चढायला लागला!

पुढे कळलं की अशा तारांमध्ये लोखंडासारख्या चुंबकीय अणूंची चिमूटभर भेसळ असते. पण त्यानेच का, याचं उत्तर 1964 साली जपानच्या जुन कोंडो या भौतिकशास्त्रज्ञाने दिलं. म्हणजे तीस वर्षं!

बघा, सोन्यात जस्ताचा अणू असेल तर इलेक्ट्रॉन त्याच्यावर आपटतो, वळतो, विषय संपला. लोखंडाच्या अणूला मात्र स्वतःचा स्पिन असतो (म्हणजे तो एका चिमुकल्या चुंबकासारखा वागतो) आणि इतकी कमी भेसळ असली की त्याला एका दिशेला धरून ठेवणारे शेजारी नसतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन आपटला की दोघांचेही स्पिन उलटू शकतात, आणि पुढच्या इलेक्ट्रॉनला भेटतो तो बदललेला अणू. आधी काय घडलं यावर नंतरचं ठरतं. कोंडोने हा क्रम धरून गणित एक पायरी पुढे नेलं आणि त्यातून तापमानाचा लॉगरिदम बाहेर पडला, तापमान उतरेल तसा रेझिस्टन्स वाढवणारा.

थरथरीचा वाटा तापमानाच्या पाचव्या घाताने घसरतो, हा लॉग सावकाश चढतो, दोघांची गाठ पडते तिथे ग्राफमध्ये खड्डा. लोखंड शंभरपट वाढवलं तरी खड्ड्याचं तापमान जेमतेम अडीचपट होतं, हे मला अजूनही भारी वाटतं.

गोची एकच, शून्य केल्विनला हा लॉग अनंताला जातो, जे शक्यच नाही. ते कोडं अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सनने 1975 मध्ये कॉम्प्युटरवर सोडवलं: फार थंडीत आजूबाजूचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूचा स्पिन झाकूनच टाकतात आणि रेझिस्टन्स चढायचा थांबतो.

आणि हीच भेसळ लोक मुद्दाम करतात बरं का. 0.07 टक्के लोखंड घातलेल्या सोन्याच्या तारेचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून तापमान मोजायचं साधन) द्रव हेलियमच्या तापमानालाही चांगला सिग्नल देतो, जिथे नेहमीचे थर्मोकपल जवळजवळ गप्प होतात. तार मात्र महाग आणि भयंकर नाजूक.