आताचे गेम सोपे झालेत का?

मी गेम खेळतो हे कळलं की चाळिशी ओलांडलेला माणूस हमखास विचारतो, "आपल्या वेळचे गेम केवढे अवघड होते! आता सगळं बोट धरून शिकवतात, नाही का?" प्रश्न कसला, त्याला होकारच हवा असतो. एरवी मी मान डोलावून सुटतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी मन लावून खेळलेला पहिला गेम म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया', जॉर्डन मेकनरने बनवलेला, १९८९ सालचा. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो कुणाच्या तरी फ्लॉपीवरून आला होता. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं. मेलात की लेव्हल पहिल्यापासून, घड्याळ मात्र पुढेच. पहिल्याच लेव्हलला पहारेकरी उभा आणि आपल्या हातात तलवारच नाही. ती दुसरीकडे कुठेतरी पडलेली आहे हे कुणी सांगत नाही. मी त्याच्या अंगावर रिकाम्या हातांनी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही.

आणि बारावी लेव्हल! समोर आपलीच सावली तलवार उपसून उभी राहते. तिला वार केला की तिच्याबरोबर आपलाही खालचा, लाईफ दाखवणारा लाल त्रिकोण जातो. आम्ही पाच-सहा जण एका खुर्चीभोवती. कीबोर्डवर बसलेला जोशात वार करतोय, आणि मागून एक दादा ओरडला, "अरे थांब, तुझंच लाईफ जातंय! तलवार म्यान कर." म्यान केली, सरळ सावलीच्या अंगावर चालत गेलो, ती आपल्यात विरली. अंगावर काटा आला होता. हे कोडं मला आजही अस्सल वाटतं, कारण इशारा खेळातच होता. पण त्यानंतर दरीत पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटते, हे कुणाला कसं सुचावं? त्याबद्दल मेकनरला मी अजून माफ केलेलं नाही.

म्हणजे 'अवघड' या एका शब्दात तीन गोष्टी होत्या: हात चालवणं, काय करायचं ते न कळणं, आणि चुकल्यावर भरायचा दंड. याच मालिकेत पुढे आधी तो दंड उतरला. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये खंजिराने वेळ मागे फिरवता यायची. २००८ च्या गेममध्ये तर मरणच नाही. पडलात की सोबत असणारी एलिका हात धरून वर ओढते. त्यावर लोक फार चिडले. मला तो राग कधी पटला नाही. जुना गेम लेव्हलच्या सुरुवातीला नेऊन सोडायचा, एलिका शेवटच्या पक्क्या जमिनीवर. तीच उडी आपल्यालाच पुन्हा मारायची, फक्त परत चालत येणं वाचलं.

न कळण्याचं काय झालं, ते याच मालिकेतल्या २०२४ च्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये दिसलं. तो सुरुवातीलाच विचारतो: नकाशावर खुणा हव्यात, की स्वतः शोधता? भाचीने शोधायचं निवडलं. बंद दार दिसलं की ती एक बटण दाबते आणि त्या जागेचं चित्र नकाशावर टाचलं जातं. आम्ही वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने करायचो तेच. एकदा ती अडली, मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "मामा, सांगू नकोस हं." आमच्या क्लासमध्ये असं म्हणायची सोय नव्हती. दादा ओरडायचाच.

त्याच गेममध्ये आणखी एक सोय आहे. उड्यांचा कठीण टप्पा टाळून पलीकडे नेणारी दारं सेटिंगमध्ये चालू करता येतात. भाचीने ती बंदच ठेवलीत. मी एका काटेरी भुयारात अकरा वेळा मेल्यावर गुपचूप चालू केली. आमच्या चाळिशीवाल्यांना मात्र हे कळू देऊ नका.