फुलपाखरांसाठी एवढं चालायचं कशाला?

फुलपाखरं बागेत बसल्या जागी दिसतात, मग त्यांच्यासाठी सकाळपासून उन्हं चढेपर्यंत आणि त्यानंतरही रानोमाळ चालायचं कशाला? हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून दोन वाक्यांत उरकावंसं वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

बागेत येणारं फुलपाखरू मध प्यायला आलेलं असतं. मधाच्या बाबतीत ते फारसं चोखंदळ नसतं. सोंड पोचेल असं फूल मिळालं की झालं, मग ती रानात माजलेली घाणेरी का असेना. अळीचं मात्र तसं नाही. तिला ठरावीक झाडाचंच पान लागतं, आणि अंडं घालणाऱ्या मादीला ते झाड चुकून चालत नाही. मादी पानावर उतरते आणि पायांनी पान चाचपते. तिला चव पायांतून कळते. पान पटलं नाही तर क्षणात उडते आणि पुढचं झुडूप गाठते. हा शोध पाहण्यासारखा असतो आणि तो बागेच्या कुंपणात मावत नाही. म्हणून चालताना माझी नजर बहुतेक वेळ झाडांवर असते. खाद्यवनस्पती सापडली की फुलपाखरू आज नाही तर उद्या तिथे येणार, याची खात्री असते.

उदाहरणार्थ रुई. उघड्या, कोरड्या माळावर रुईची झुडपं दिसली की मी थांबतेच. बिबळ्या कडवा या भगव्या फुलपाखराची मादी तिथे एकेक अंडं घालत फिरते. रुईचा चीक विषारी आणि चिकट. लहानग्या अळीचं तोंडच त्यात चिकटून जायचं. म्हणून अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग शिरेच्या पलीकडचा भाग खाते. चिकातलं विष ती अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते शरीरात राहतं, त्यामुळे एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या भगव्या पंखांच्या वाटेला जात नाही. माळ उतरून ओलसर जमिनीकडे वळलं की घोळ दिसायला लागते आणि तिच्या आसपास पुन्हा तसंच भगवं फुलपाखरू संथपणे उडत असतं. पण ते बिबळ्या कडवा असेलच असं नाही. छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. तिच्यात विष नाही, फक्त रूप घेतलेलं. मागच्या पंखाच्या मधोमध कडव्याला काळे ठिपके असतात, हिला ते नसतात. तिचा नर तर काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांना निळी-जांभळी झाक. नरमादी एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. रुई ते घोळ हे अंतर पायांखालून गेलं, की मूळ आणि नक्कल एकाच शिवारात का नांदतात हे आपोआप उलगडतं: ज्या पक्ष्यांनी कडव्याची चव घेतली आहे, त्यांच्याच हद्दीत ही नक्कल कामाला येते.

ओढ्याकाठी ओल्या वाळूवर फुलपाखरांचा थवा बसलेला असतो, ते चिखलपान. बहुतेक सगळे नर. पानांत सोडियम फार कमी असतं, ते तिथल्या ओलीतून मिळतं, आणि मिलनाच्या वेळी त्यातलं बरंचसं मादीकडे आणि पुढे अंड्यांत जातं. इथे एकच पथ्य पाळायचं: आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही.

आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे त्याकडे येते. लांब चालण्यात रिकामे पट्टे लागतात. औषध फवारलेल्या शेताचा बांध, तासून सपाट केलेली रस्त्याकडेची पट्टी, एकाच जातीच्या झाडांची लागवड. अर्धा-अर्धा तास एक पंख हलत नाही. सोबत आलेली माणसं इथे कंटाळतात आणि गाडीने पुढे जाऊ या म्हणतात. मी नाही जात. फुलपाखरं कुठे नाहीत हे चालणाऱ्यालाच कळतं, आणि माझ्या मते ती कुठे आहेत यापेक्षा ही माहिती जास्त मोलाची आहे.

ब्रिटनमध्ये 1976 पासून चाललेली फुलपाखरांची गणना याच विचारावर उभी आहे. अर्नी पोलार्ड या शास्त्रज्ञाने पद्धत बसवली. एक वाट ठरवायची, ती आठवड्यातून एकदा एकाच चालीने चालायची आणि आपल्यापुढच्या पाच मीटरच्या काल्पनिक पेटीत जेवढी दिसतील तेवढीच मोजायची. थंडी असेल तर मोजायचंच नाही, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. वाटेचे तुकडे पाडलेले असतात आणि ज्या तुकड्यात काहीच दिसलं नाही तिथे शून्य लिहायचं. वर्षानुवर्षं लिहिलेल्या या आकड्यांतून, आणि त्यातल्या शून्यांतूनही, कुठली जात कुठून मागे हटते आहे ते कळतं.

तिथल्याच ‘लार्ज ब्लू’ या निळ्या फुलपाखराची हकिगत मला कायम आठवते. त्याची अळी सुरुवातीला थाइम या सुवासिक रानवनस्पतीच्या फुलांवर वाढते, मग जमिनीवर पडते. एका जातीच्या लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती तिथे मुंग्यांचीच पिल्लं खाऊन मोठी होते. फुलपाखरं घटू लागली तेव्हा लोकांना वाटलं, पकडणारे संग्राहक जबाबदार. जागेला कुंपणं घातली. त्याने गुरांचं चरणंही थांबलं. पुढे 1950 च्या दशकात रोगाने ससेही मेले. गवत उंच झालं, जमिनीला ऊन लागेना आणि उबेवर जगणारी ती मुंगी, मिर्मिका साबुलेटी, निघून गेली. थाइम होतं, फुलं होती, राखीव जागा होती. तरी 1979 मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञांनी मुंगीचं हे कोडं सोडवलं, पण तोवर उशीर झाला होता. नंतर स्वीडनमधून आणलेल्या अळ्या आणि पुन्हा सुरू केलेली चराई यांच्या जोरावर ते परत वसवता आलं.

ही हकिगत माहीत झाल्यापासून मी वाटेवरच्या गवताची उंचीही बघते. कुठे चरलेलं आहे, कुठे जाळलेलं, कुठे यंत्राने सरसकट कापलेलं. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या कितीतरी अळ्या मुंग्यांना गोड रस देऊन त्यांचा पहारा मिळवतात. एखाद्या कोवळ्या शेंड्यावर मुंग्यांची विनाकारण वाटणारी ये-जा दिसली तर वाकून बघाच. बहुधा मधोमध हिरवी, चपटी अळी असते.

वाट कशी निवडता, हेही पाठोपाठ विचारलं जातं. मी पूर्वेकडच्या उताराने सुरुवात करते, कारण तिथे ऊन आधी येतं आणि पंख पसरून अंग तापवणारी फुलपाखरं निवांत पाहता येतात. एकदा अंग तापलं की ती कुणाला जवळ येऊ देत नाहीत. ऊन कडक झालं की ओढा आणि झाडीची कड. टेकडीचा माथा मात्र चुकवत नाही. काही जातींचे नर माथ्यावर जाऊन आपापली जागा धरतात आणि माद्या तिथे येण्याची वाट बघतात. तिथे खायला काही नसतं, अंडी घालण्याजोगं झाडही नसतं. तरी एकाच दगडावर तोच नर परत परत येऊन बसतो आणि जवळून गेलेल्या प्रत्येकाच्या मागे लागतो, मग ते दुसरं फुलपाखरू असो, भुंगा असो की पक्षी. मी तिथे पाणी पिते, वही काढते, वाटेवरचे सगळे तुकडे शून्यांसकट लिहून काढते आणि उतरायला पलीकडची बाजू घेते, कारण तिकडची झाडं अजून बघायची असतात.