तार दिसत नाही, इजा दिसते : आमची वाटचाल

निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात जनावरांची सोनोग्राफी म्हणजे गाभण आहे का ते पाहणे, एवढीच समजूत होती. त्या काळात आम्ही कर्ज काढून वापरलेले यंत्र आणि ३.५ मेगाहर्ट्झचा कन्व्हेक्स प्रोब (अंगावर टेकवायचा, तोंडाशी गोलाकार भाग) घेतला. म्हशीचे जाळीपोट (पोटाच्या चार कप्प्यांपैकी एक, चाऱ्यातून गिळलेली तार बहुधा इथेच अडकून टोचते), यकृत आणि हृदयाभोवतीचे आवरण गोठ्यातच पाहता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागात, ६ व्या-७ व्या बरगडीच्या फटीतले केस भादरून स्पिरिट आणि भरपूर जेल लावावे लागते. भर उन्हात पडदा दिसत नसल्याने मी डोक्यावर घोंगडी घेऊन बसत असे. निरोगी जाळीपोट अर्धचंद्रासारखे गुळगुळीत दिसते आणि साधारण मिनिटाला एकदा, दोन टप्प्यांत, आकसते. म्हणून किमान ४ मिनिटे प्रोब हलवायचा नाही, हा आमचा नियम आजही आहे.

पुढे याच भागात एका प्रतिस्पर्ध्याने सेवा सुरू केली आणि दोन मिनिटांत तपासणी करून तो पडद्यावर ‘तार’ दाखवू लागला. खरे म्हणजे पोटात टोचलेली तार सोनोग्राफीत क्वचितच दिसते, कारण वायूपुढे ध्वनिलहरी जात नाहीत. दिसते ती तिने केलेली इजा : चिकटलेले फायब्रिन (सुजेत साचणारे प्रथिनाचे धागे), साचलेले पाणी, गळू, मंदावलेली हालचाल. वायूमुळे उमटणाऱ्या चकचकीत रेघांना तो तार म्हणत असे. “तुमच्या मशीनला तार दिसत नाही,” असे शेतकरी मला तोंडावर सांगू लागले. माझे हप्ते थकले. त्यातच २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने जनावरांचे बाजार बंद पडले, गोठ्यात परक्याला कोणी येऊ देईना, आणि यंत्र विकायला काढण्यापर्यंत वेळ आली. त्या माणसाने एकदाही चूक मान्य केली नाही, ही सल अजून जात नाही.

त्या दिवसांत निपाणीजवळच्या एका आक्कांनी मात्र आम्हाला सोडले नाही. त्यांची पंढरपुरी म्हैस सारखी फुगत होती, शेण अगदी थोडे टाकत होती. प्रतिस्पर्ध्याने तार असल्याचे सांगून फक्त पोट उघडण्याचा सल्ला दिला होता. “डॉक्टर, तुम्ही बघितल्याशिवाय मी म्हशीला हात लावू देणार नाही,” असे आक्का म्हणाल्या. जाळीपोट नेहमीच्या जागी सापडेना. मग प्रोब पुढे सरकवत नेला, तेव्हा ४ थ्या-५ व्या बरगडीच्या फटीत, हृदयाला लागूनच, ते आकसताना दिसले. छाती-पोटामधला पडदा फाटून जाळीपोट छातीत शिरले होते. यालाच डायफ्रामॅटिक हर्निया म्हणतात आणि तो म्हशींत गायींपेक्षा अधिक आढळतो. नुसते पोट उघडून हे सुटले नसते, त्या फाटलेल्या पडद्याची दुरुस्ती आवश्यक होती. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, म्हैस वाचली आणि पुढे व्यायलीही. आक्कांनी ही हकीकत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि यंत्र विकायचे राहिले.

नव्याने या कामात येणाऱ्यांना एवढे सांगावेसे वाटते की प्रोबची केबल हाताभोवती आवळून गुंडाळू नये, सैल वेटोळे करून ठेवावी. पडद्यावर काळ्या उभ्या पट्ट्या पडल्या की प्रोबमध्ये बिघाड झाल्याची शंका घ्यावी. गोठेवाल्यांनी कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक बसवावे आणि शेडचे काम संपले की तारेचे तुकडे स्वतः वेचावेत.

आमच्या अहवालात आजही दोन रकाने असतात, ‘दिसले’ आणि ‘दिसले नाही’. आक्कांच्या म्हशीचा कागद दुकानात काचेखाली आहे. त्यातल्या दुसऱ्या रकान्यात ‘तार’ असे लिहिलेले आहे.