सुरू होते, पण लगेच बंद पडते: आमच्या गॅरेजची वाटचाल

गोव्यात डिचोलीतलं वडिलांचं गॅरेज ट्रकांचं होतं. सारमानसच्या नदीकाठच्या धक्क्याकडे खाणीतलं खनिज नेणारे ट्रक दिवसभर धावायचे, आणि त्यांचे पाटे, क्लच, ब्रेक यांवर आमचं घर चालायचं. आयटीआय करून मी त्यांच्या हाताखाली उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं की आयुष्यभर हेच करायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि गॅरेजचं अंगण महिन्याभरात रिकामं झालं. ट्रकमालकांकडे आमची उधारी होती, पण त्यांचे बँकेचे हप्तेच थकलेले. त्यांच्या दारात जाऊन पैसे मागायला वडिलांचे पाय उचलले नाहीत, आणि मला ते आजही बरोबर वाटतं.

छोट्या गाड्या घ्यायच्या ठरल्या. धाकटा भाऊ म्हणाला, ऑइल बदलणारे वाटेवाटेवर आहेत, आपल्याकडे कोण कशाला येईल? त्यातून आमची दिशा ठरली. दुसरीकडे दोन-तीनदा जाऊन आलेली, कुणाला न उमगलेली गाडी आपण घ्यायची. अशा गाड्यांमध्ये एक तक्रार सारखी येते: सेल मारला की सुरू होते, पण लगेच बंद पडते.

मुळीच सुरू न होणारी गाडी त्यामानाने सोपी, कारण तिच्यातला दोष जागेवर बसून असतो. इथे तसं नाही. इंजिन पेटलं याचा अर्थ त्या क्षणाला पेट्रोल होतं, ठिणगी होती, हवाही होती. मग पुढच्या क्षणाला यातलं कोण आधी निघून गेलं, ते शोधायचं असतं.

हे मला वडिलांनी फार पूर्वी दाखवलं होतं. एक जुनी पेट्रोल टॅक्सी आली होती. किल्ली फिरवून धरली की इंजिन चालायचं, सोडली की गप्प. मी कार्ब्युरेटर उघडायला घेतला तर त्यांनी हात धरला आणि विचारलं, "किल्ली सोडल्यावरच का जाते रे?" सेल मारताना ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला करंट थेट मिळतो. किल्ली सोडली की तोच करंट बॅलास्ट रेझिस्टर या करंट कमी करणाऱ्या भागातून येतो, आणि तो रेझिस्टर तुटला होता. कार्ब्युरेटरचा काही संबंध नव्हता. "पटकन विझली तर वीज बघ, आचके देत विझली तर इंधन बघ," हे त्यांचं वाक्य. नव्या गाड्यांत याला अपवाद निघतात, तरी सुरुवात मी अजून तिथूनच करतो.

एवढं शिकूनही चूक झालीच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन दिवस होते. साखळी गावचे एक गृहस्थ हॅचबॅक घेऊन आले. म्हणाले, रेस धरली की चालते, पाय काढला की विझते. घाई होती. मी पेट्रोलचा दाब मोजायचा प्रेशर गेज न लावता पेट्रोल पंप बदलला. पंप नवा, म्हणून गाडी थोडी बरी वाटली. त्याच संध्याकाळी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं, सामान भरलेली ती गाडी त्यांच्या घराअलीकडच्या चढावर बंद पडली, आणि सुपाऱ्या, नारळ, रानातली फळं त्यांनी रिक्षातून घरी नेली. चवथ झाल्यावर गाडी टोचन करून आणली. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, मागे बोटभर लांबीची रबरी नळी चिरली होती. तिथून न मोजलेली हवा आत जायची. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता चालू असताना, इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात ही जास्तीची हवा भारी पडायची आणि मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन विझायचं. रेस दिली की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडायची आणि ती गळती किरकोळ ठरायची. त्यांनी पहिल्याच वाक्यात मला दुखणं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. पंपाचे पैसे मजुरीसकट परत केले.

तेव्हापासून पुरावा हाती आल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, असं ठरवलं. तपासणीची मजुरी वेगळी घेतो आणि ती आधी सांगतो. काहींना ते पटत नाही. पण चुकीचा पंप तपासणीच्या कितीतरी पट महाग पडतो.

आता गाडी आणण्याआधी आम्ही फोनवरच विचारतो, किती सेकंदांनी बंद पडते? एक-दोन सेकंदांत जात असेल तर डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा बघायला सांगतो. तो लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी टाळणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाही. एकाच रिंगमध्ये दोन चिपवाल्या किल्ल्या अडकवल्यामुळेही हे होतं. एकांचं काम आम्ही फोनवरच केलं: दुसरी किल्ली काढून बघा म्हटलं, गाडी चालू राहिली.

दिवा ठीक असेल तर रेलवर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, गेज. किल्ली ऑन केली की पंप दोनेक सेकंद चालून थांबतो, आणि तेवढ्या दाबावर इंजिन पेटू शकतं. पुढे रिलेने, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या स्विचने, पंप चालू ठेवला नाही की साठलेलं पेट्रोल संपेपर्यंतच इंजिन चालतं. विझण्याआधी काटा पडला तर इंधन, काटा जागेवर राहून विझलं तर दुसरीकडे बघायचं. गरम झाल्यावर जाणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी असेल तर इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर नजर. विझताना गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवरचं आरपीएम एकदम शून्य झालं की संशय वाढतो.

स्कॅनरबद्दल मात्र मनापासून सांगतो, तो कोड दाखवतो, पार्ट दाखवत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, एवढंच. तो कोड बघून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. आम्ही फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय वा कमी करतोय तो आकडा, बघतो. आयडलिंगला जास्त आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल तर हवेची गळती. भार टाकल्यावर वाढत असेल तर पंप नाहीतर फिल्टर.

मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा आमच्या अंगणात ट्रक नव्हते. पण एका ट्रकचालकाचा मुलगा कामाला आला. आज गेज तोच लावतो, आणि वायरिंगमध्ये उंदराने कुरतडलेली तार त्याच्याइतकी लवकर मला सापडत नाही. वडील सकाळी खुर्ची टाकून दारात बसतात. गाडी विझली की विचारतात, आचके दिले का?

गेल्या काही पावसाळ्यांत एक नवं काम वाढलंय. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जून ते सप्टेंबर उभ्या राहिलेल्या गाडीत हे आधी बघावं लागतं. आम्ही तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास फळीवर ठेवतो. खाली वेगळा थर दिसला तर मालकाला बोलावून बाटली हातात देतो. टाकी उतरवायची की नाही, ते त्यांनी बघून सांगायचं.