मेलेल्यांना परत पाठवणारी पोरगी

फॅन्टसी म्हटलं की आपल्याकडे तीच दोन-तीन नावं फिरत असतात, त्यामुळे गार्थ निक्सची 'सॅब्रिएल' बऱ्याच जणांच्या गावीही नसते. लेखक ऑस्ट्रेलियन, पुस्तक १९९५ चं. मुलांच्या कपाटात ठेवतात, पण अगदी सुरुवातीलाच जन्मतःच गेलेलं बाळ आहे, तेव्हा बघा बुवा.

यात मृत्यू म्हणजे नदी. आपल्याला लगेच वैतरणी आठवते, पण ती ओलांडायची असते, पलीकडे काहीतरी असतं. इथे ओलांडायची भानगडच नाही, नदी हाच मृत्यू, गारठलेलं पाणी आणि सतत आत खेचणारी ओढ, असे नऊ टप्पे, आणि काही मेलेले ओढीला न जुमानता वर परत यायला टपलेले. त्यांना पुन्हा आत घालवायचं हे एका घराण्याचं काम, ते करणाऱ्याला म्हणायचं अबहॉर्सन. बाकीचे मांत्रिक मेलेले उठवतात, हा त्यांना झोपवतो. आणि त्यासाठी जिवंतपणी नदीत उतरावं लागतं, तेव्हा शरीर काठावर तसंच उभं, अंगावर हिमाचा थर.

हत्यार काय तर छातीवरच्या पट्ट्यात सात घंटा. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं, कारण प्रत्येक घंटा वाजवणाऱ्यावरही उलटू शकते. रान्ना सगळ्यात छोटी, ती झोपवते. मोसरेल मेलेल्याला उठवते पण तिकडून तो वर आला की वाजवणारा तेवढाच आत ढकलला जातो. किबेथ चालायला लावते, बेसावध असलात तर तुम्हालाच नको तिकडे नेईल. शेवटची अस्तारेल वाजली की ऐकणारे सगळेच मृत्यूत, वाजवणाऱ्यासकट. फुकटात काही नाही.

दुसरी सीमा जमिनीवरची. एक भिंत, दक्षिणेला बंदुका-मोटारींचा देश, उत्तरेला जादूचं जुनं राज्य, एकीकडे ऊन तर त्याच वेळी पलीकडे बर्फ. उत्तरेचा वारा सुटला की यंत्रं बंद पडतात, म्हणून पहाऱ्यावरचे सैनिक बंदुकीबरोबर तलवारपण बाळगतात. आणि तिथे मेलेले सैनिक उठू नयेत म्हणून वाऱ्यावर वाजणाऱ्या बासऱ्या रोवल्यात. हे सगळं निक्स असं सांगतो जणू सरकारी बंदोबस्तच आहे, म्हणूनच पटतं.

तर बोर्डिंग शाळेतली अठरा वर्षांची सॅब्रिएल, तिच्याकडे अबहॉर्सन असलेल्या बाबांची तलवार आणि घंटा येतात, म्हणजे बाबा मृत्यूत अडकलेत, आणि ती त्यांना आणायला निघते. आता गंमत बघा, घराण्याचं काम काय तर गेलेल्याला जाऊ देणं, आणि हिला नेमकं एकाच माणसाला जाऊ द्यायचं नाहीये. पुढचं सांगत नाही, पण लेखक स्वतःच्याच नियमातून पळवाट काढत नाही, बाबा भेटल्यावरसुद्धा नाही. मी ती पानं दोनदा वाचली.

लव्हस्टोरी मात्र उगाच उरकलीये, वाटेत भेटलेला टचस्टोन तिला कधी आवडायला लागला कळतच नाही. मॉगेट मांजर भारी आहे, गोड मुळीच नाही, गळ्यातला पट्टा निघाला की काय होतं ते वाचाच. पुढचा भाग 'लिराएल' २००१ चा, त्यात एक कुत्री आहे, तिच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.