निकालांची वही: प्रभागाचा नंबर सोडला, गल्ली धरली

आमच्या गावच्या जुन्या-नव्या निवडणूक निकालांची मी वही करतोय. गेल्या वेळी लिहिलं होतं की नगरपालिकेच्या २०१६ आणि २०२५ या दोन निवडणुकांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की हा टप्पा उरकला. उरकला नाही. दीड महिन्याचं काम मोडून परत केलं, आणि चूक माझीच होती.

ती आधी सांगून टाकतो. २०१६ ची टक्केवारी काढायला एका प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज केली, मतदारसंख्येनं भागलं, उत्तर आलं १३८ टक्के. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. क्षणभर वाटलं, गावात काहीतरी भलतंच झालं होतं आणि ते फक्त मला सापडलंय! सकाळी चहा पोटात गेल्यावर डोकं ताळ्यावर आलं. प्रभाग दोन जागांचा. मतदार ‘अ’ जागेला एक मत देतो, ‘ब’ जागेला दुसरं, आणि थेट नगराध्यक्षाला तिसरं. नगराध्यक्षाची शीट मी वेगळी ठेवली होती म्हणून, नाहीतर २०७ टक्के आले असते. आता ‘अ’ आणि ‘ब’ दोन स्वतंत्र ओळी केल्यात, ‘नोटा’सकट. २०११ च्या पानावर नगराध्यक्षाचा रकाना कोराच राहणार, कारण तेव्हा अध्यक्ष नगरसेवकांमधून निवडला जायचा. तिथं शून्य टाकू नका, सरासरी बिघडते. (अनुभव आहे.)

आता खरी गंमत. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. २०१६ च्या प्रभाग ४ मध्ये ज्या पक्षाला भरघोस मतं होती, त्याची २०२५ च्या प्रभाग ४ मध्ये पार दैना दिसत होती. मी वहीत ‘मोठी पडझड’ असं लाल पेनानं लिहूनही ठेवलं. नंतर दोन्ही वेळच्या प्रभागरचनेच्या अधिसूचना समोरासमोर ठेवल्या, तर नंबर तोच आणि गल्ल्या जवळजवळ सगळ्या वेगळ्या. जुन्या चारमधली माणसं आता सहामध्ये मतदान करतात आणि तिथं त्या पक्षाचं बरंच बरं चाललंय. लाल पेनावर काळी रेघ मारली.

मग नंबर सोडून दिला. अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम सीमा दिलेली असते. ‘अमुकच्या घरापासून नाल्यापर्यंत, नाल्याने पुढे रस्त्याच्या मध्यापर्यंत’ अशी ती भाषा. वाचायला कंटाळवाणी, पण हौशी माणसाला यासारखं दुसरं धन नाही. त्यातून एक गोष्ट हाती लागली. दोन्ही वेळची रचना २०११ च्याच जनगणनेवर झाली आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नव्हती. म्हणजे प्रभाग जोडायचे ठोकळे, ते प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले वस्तीचे छोटे भाग), दोन्ही वेळेस तेच. एका गटात साधारण सहाशे ते आठशे माणसं, आणि गट शक्यतो फोडत नाहीत. २०११ च्या निवडणुकीशी तुलना करणाऱ्यांना ही सोय नाही. त्या निवडणुकीच्या रचनेचा पाया २००१ ची जनगणना.

पण मतं गटवार मिळत नाहीत, मतदान केंद्रवार मिळतात. म्हणून गावाचे मी ‘तुकडे’ केले: जुन्या-नव्या दोन्ही सीमा ज्या रेषेवर जुळतात तिथपर्यंत शेजारचे प्रभाग एकत्र करत जायचं. आमच्या गावात असे सातच तुकडे पडले. बारकावा गेला, हे कबूल. पण सात खरे आकडे वीस खोट्यांपेक्षा कामाचे.

मतदारयादीचाही घोळ लक्षात ठेवा. नगरपालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही, विधानसभेची यादीच प्रभागवार तोडतात. २०२५ ला १ जुलैची यादी धरली होती. त्यामुळे विधानसभेचा यादी भाग (मतदारयादीचा क्रमांक दिलेला एक हिस्सा) आणि नगरपालिकेचं केंद्र एकच समजलात तर फसाल. एक यादी भाग दोन प्रभागांत वाटला गेलेला मला तीनदा सापडला.

गावाचं आणि गल्ल्यांचं नाव देत नाही, याबद्दल दोघांनी विचारलं होतं. केंद्रवार आकडे छोट्या गावात फार बोलके असतात. अमुक गल्लीनं कुणाला मत दिलं, हे उद्या पारावर कुणी वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. मतदारांची नावं तर मी शीटमध्ये उतरवतच नाही.

जुन्या कागदांसाठी एका कचेरीत चार चकरा मारल्या. पहिल्यांदा ‘साहेब मीटिंगला’, दुसऱ्यांदा किल्ली नाही, तिसऱ्यांदा ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ चौथ्यांदा गठ्ठा निघाला, त्यावर पाण्याचे डाग आणि आत भलत्याच सालाची पाणीपट्टी.

त्या दिवशी रिकाम्या हातानं परतताना शेजारच्या नानांच्या ओट्यावर बसलो. नाना ब्याऐंशीचे. १९५२ ला आईच्या बोटाला धरून मतदानाला गेले होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, नुसती पेटीत टाकायची. नाना म्हणाले, “बैलजोडीनी पेटी व्हती. माय पेटीना पाया पडनी, मंग चिठ्ठी टाकी.” मग माझ्या लॅपटॉपकडे बोट करून, “त्यामा मन्ही मायनं नाव शे का रे?” नाही म्हणालो. १९५२ ची मतदारयादी मिळाली तर पहिल्यांदा तेच नाव शोधणार आहे.

पुढचं काम लोकसभेचं. आमचा तालुका आधी एरंडोल मतदारसंघात होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघच गेला आणि २००९ पासून आम्ही जळगावात आलो. २००४ ला सगळीकडे मतदानयंत्रं आली, त्यामुळे तिथून पुढे केंद्रवार आकडे नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, मिळायला हवेत. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी त्या मिसळण्याची पद्धत होती, म्हणून २००४ च्या आधीचं गल्लीवार काही हाती लागेल अशी आशा मी ठेवलेली नाही.

कुणाकडे आपापल्या गावची २०११ ची प्रभागरचना असेल तर फोटो काढून ठेवा, आणि पानाची खालची कडही येऊ द्या. दिनांक तिथंच असतो. माझ्या नऊ फोटोंत तोच कापला गेलाय.